मोबाइलचा पडदा आणि मराठी मजकूर : मांडणी व वाचनव्यवहाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाचनाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर प्रामुख्याने ग्रंथ, ग्रंथकार आणि ग्रंथालये उभी राहतात. तो मजकूर किती रुंदीच्या ओळीत मांडला होता, वाचणारा तो मांडीवर ठेवून वाचत होता की तळहातावर, एकटा वाचत होता की चार जणांना ऐकवत होता, या बाबी गौण मानल्या जातात. वस्तुतः मजकुराचा आकार आणि वाचकाची सवय यांचा संबंध फार जवळचा आहे. गेल्या दोन दशकांत भ्रमणध्वनी संच हे मराठी वाचनाचे सर्वांत मोठे साधन बनले आणि त्यामुळे हा संबंध नव्याने तपासण्याची निकड निर्माण झाली आहे.

प्रस्तुत निबंधाचे निमित्त सोनाळा हे गाव आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ वसलेल्या या गावात कपाशी आणि संत्र्याची शेती करणारा माणूस आज बातमी, बाजारभाव, सातबारा आणि अभंग हे सर्व एकाच काचेवर वाचतो. शहरी वाचक पुस्तकाकडून संगणकाकडे आणि संगणकाकडून मोबाइलकडे गेला. येथील बहुसंख्य वाचकांच्या आयुष्यात संगणकाचा टप्पा आलाच नाही. मोबाइलमुळे मांडणी कशी बदलली, हा प्रश्न अशा गावातून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निबंधातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. मराठी मजकुराला एकाच संकेतपद्धतीत आणण्याचे जे काम तज्ज्ञांच्या कळकळीने आणि शासकीय प्रयत्नांनी साधले नव्हते, ते मोबाइलच्या मर्यादेने साधले. मात्र त्याच हिसक्यात त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांचा महाजालावरील मराठी मजकूर वाचनाबाहेर फेकला गेला. इतिहासाच्या अभ्यासकाला ही दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे.

पोथी, मोडी कागद आणि छापील पान

मोबाइलवरील सरकते पान ही अगदीच नवी गोष्ट आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठीत हस्तलिखित युगात दोन भिन्न आकार शेजारी शेजारी नांदत होते. पोथी आडवी असे. तिची ओळ पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, शब्द बहुधा सलग लिहिलेले असत आणि पाने सुटी असत. अशा ओळीवरून डोळा भरभर धावू शकत नाही; त्यामुळे पोथी ही वाचायची कमी आणि वाचून दाखवायची अधिक, असाच तिचा उपयोग राहिला. वाचणारा एक, ऐकणारे अनेक, ही रीत त्या आकाराशीही जोडलेली होती.

याउलट मोडी कागद उभा आणि अरुंद. पेशवे दफ्तरातील पत्रे पाहिली की लांब, चिंचोळे बंद आणि गरजेप्रमाणे एकाखाली एक चिकटवलेले तुकडे दिसतात. महत्त्वाच्या कागदांवर जोडाच्या ठिकाणी शिक्का उठवण्याची पद्धत होती, जेणेकरून मधला तुकडा कोणी बदलू नये. शेवटी मोर्तब. लेखक आधी संपूर्ण शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे काढत जाई. हा कागद उलगडत, वरून खाली सरकवत वाचला जाई. आज अंगठ्याने मजकूर वर ढकलणाऱ्या वाचकाची आणि बंद उलगडणाऱ्या कारकुनाची हालचाल फारशी वेगळी नाही. फरक इतकाच की कारकुनाच्या कागदाला शेवट होता आणि त्या शेवटावर मुद्रा होती. मोबाइलवरील बातम्यांच्या प्रवाहाला मोर्तब नसते.

छपाईने या दोन्ही आकारांना बाजूला सारून पाश्चात्त्य पुस्तकाचे पान आणले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८१० च्या त्यांच्या कोशात मात्र मराठी शब्दांसाठी मोडी खिळे वापरले गेले. म्हणजे छापील मराठीने कोणती लिपी घ्यावी, हा प्रश्न तेव्हा मोकळा होता. पुढे बाळबोधीने बाजी मारली आणि मोडी हाती लिहिण्याच्या व्यवहारापुरती उरली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारच्या दोन स्तंभांत येत असे. मराठी वृत्तपत्रीय वाचकाला अरुंद ओळीची ओळख येथपासूनच झाली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्याचा लौकिक देशभर झाला.

तथापि यंत्र आणि लिपी यांची ओढाताण संपली नाही. रोमन लिपीच्या जुळाऱ्यास जेथे शंभर-सव्वाशे खिळे पुरत, तेथे देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर जोडाक्षरे, काने, मात्रा आणि उकार यांचे शेकडो खाने असत. ही अडचण यंत्राची की लिपीची, यावर विसाव्या शतकात दीर्घ वाद झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे इ, ई, उ यांच्या जागी अि, अी, अु, ही लिपी यंत्राला सोयीची करण्याच्या खटपटीतूनच आली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती प्रत्यक्ष वापरली. वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि कालांतराने ती मागे पडली. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. तो वाचताना लक्षात येते की लिपीला यंत्रासाठी वाकवावे की यंत्राला लिपीसाठी, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

फाँटचे दशक

संगणकाने हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती प्रमाण ठरवली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश झाला. कागदावर पाहता १९९१ सालीच मराठी संगणकासाठी सिद्ध झाली होती.

व्यवहार मात्र वेगळ्या वाटेने गेला. छपाई व्यवसायाला तातडीने सुंदर अक्षर हवे होते, प्रमाणित संकेत नव्हे. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेख, योगेश इत्यादी फाँट लोकप्रिय झाले. या फाँटची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास उमगणार नाही. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या होत्या. त्यातही प्रत्येक उत्पादकाने कोणत्या जागी कोणती आकृती ठेवावी हे स्वतंत्रपणे ठरवले. एका फाँटमध्ये ज्या जागी ‘क’ आहे, त्याच जागी दुसऱ्यात काना किंवा अर्धा ‘ग’ असू शकतो. फाँट काढून घेतला की खाली उरतात ती निरर्थक रोमन अक्षरे. छापील पानावर हे दिसत नाही, कारण कागदावर शाई उमटली की काम संपले.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मराठी वृत्तपत्रे महाजालावर येऊ लागली ती हाच वारसा घेऊन. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर ‘फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. काहींनी पानासोबतच फाँट पाठवण्याची तजवीज केली होती, पण ती विशिष्ट न्याहाळकातच चाले. तालुक्याच्या सायबर कॅफेत एखाद्या वर्तमानपत्राचा फाँट असे, दुसऱ्याचा नसे. ज्याचा असे तेच वाचले जाई. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला, ही मोठी घटना होती. तरी विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी मूळ चकती शोधून जटिल लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे, आणि ती चकती कॅफेवाल्याकडे क्वचितच असे. वृत्तपत्रांची पृष्ठमांडणी करणारी आज्ञावली जुन्या फाँटवर चालत असल्याने युनिकोडकडे वळणे त्यांना खर्चाचे वाटे. शासकीय कार्यालयांतही जुन्या फाँटचीच सवय होती.

या काळातील मराठी संकेतस्थळांची मांडणीही वृत्तपत्राच्या पानाचीच नक्कल होती. डाव्या बाजूला अनुक्रम, मध्ये ठळक बातम्या, उजवीकडे जाहिराती आणि वर सरकती पट्टी. रुंदी टेबलावरील पडद्याच्या हिशेबाने पक्की केलेली. वाचक खुर्चीवर बसून माउस हाती धरून वाचणार, हे त्यात गृहीत होते. सोनाळ्यासारख्या गावातील वाचक या गृहीतकात बसतच नव्हता.

मोबाइलची मर्यादा आणि युनिकोडची सक्ती

भारतात मोबाइल आला तो बोलण्याचे साधन म्हणून. वाचनाचा त्याच्याशी पहिला संबंध लघुसंदेशाने जोडला. येथे एक तांत्रिक बाब नोंदवणे आवश्यक आहे. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० वर्ण मावत. देवनागरीत लिहिताच ती मर्यादा ७० वर येई. शिवाय प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजला जाई. ‘क्षत्रिय’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द यंत्राच्या लेखी आठ घटकांचा होतो. संदेशागणिक पैसे मोजणाऱ्या पिढीने मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लावून घेतली, तीमागे इंग्रजीचे आकर्षण होते तितकाच हा हिशेबही होता. त्या पिढीवर भाषाद्रोहाचा ठपका ठेवणारे लेख त्या काळी बरेच आले. दराचा विचार त्यांत फारसा आढळत नाही.

महाजाल मोबाइलवर आले तेव्हा ‘फाँट उतरवून घ्या’ ही सूचना निरुपयोगी ठरली, कारण साध्या संचात वाचकाला स्वतः फाँट बसवण्याची सोयच नव्हती. जुन्या फाँटमधील संकेतस्थळ उघडताच रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडमधील पान उघडले तर पुष्कळदा नुसते चौकोन. या टप्प्यावर ऑपेरा मिनी या न्याहाळकाने केलेली सोय मराठी वाचनाच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. त्याच्या गुप्त मांडणीपानावर जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय होता. तो निवडला की दूरच्या सर्व्हरवर मजकूर तयार होऊन अक्षरांची चित्रे मोबाइलकडे येत. संचाला मराठी येत नसे, पण मराठीचे चित्र दाखवता येई. ही युक्ती एकमेकांना सांगत, एकाच्या संचावरून दुसऱ्याच्या संचावर करून देत पसरली. मात्र तीही युनिकोडमधील पानांनाच लागू पडे. जुन्या फाँटमधील संकेतस्थळ या वाचकाला कायमचे बंद होते.

२००७ मध्ये आयफोन आला आणि बोटाने पान मोठे-लहान करणे रूढ झाले. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या लेखात असे मांडले की प्रत्येक उपकरणासाठी निराळे संकेतस्थळ करण्यापेक्षा एकच पान पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःला बदलून घेईल अशी रचना करावी. स्तंभ टक्केवारीत मोजावेत, चित्रे लवचीक असावीत आणि ठरावीक रुंदीखाली मांडणीचे नियमच बदलावेत, असा त्याचा आशय. मुद्रणाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा मोठा विच्छेद होय. मोडी बंद असो वा निर्णयसागरचे पान, लिहिणाऱ्याने जो आकार दिला तोच वाचणाऱ्याच्या हाती पडे. आता पानाला स्वतःचा असा आकारच उरला नाही.

मराठीसाठी निर्णायक वर्षे त्यानंतरची आहेत. अँड्रॉइड प्रणालीत २०११-१२ च्या सुमारास, चौथ्या आवृत्तीपासून, देवनागरी जोडाक्षरे बऱ्याच अंशी नीट दिसू लागली. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधात मोबाइलयोग्य पानांना प्राधान्य देण्यास सुरुवात केली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. वाचक पडद्यावर आला, शोधयंत्र त्याच्या बाजूने उभे राहिले आणि मजकूर वाचण्याचा खर्च नगण्य झाला. यानंतर जुन्या फाँटवर अडून राहणे कोणत्याही मराठी प्रकाशनाला परवडणारे नव्हते. मराठीच्या संगणकीय प्रमाणीकरणाच्या इतिहासात परिपत्रके आणि परिसंवाद पुष्कळ आहेत, पण अखेरचा धक्का स्वस्त संचाने दिला हे मान्य केले पाहिजे.

‘वऱ्हाड’ हा शब्द

प्रमाणीकरण झाले म्हणजे सर्व सुरळीत झाले असे नाही. आपल्या प्रदेशाचे नाव घ्या. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘र’ हा मराठीचा खास वर्ण, हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ आणि हलन्त यांनी; दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. ज्यांच्या कळफलकावर दोन्हीपैकी काहीच सापडत नाही, ते ‘वर्हाड’ असे लिहून मोकळे होतात. परिणामी वऱ्हाडच्या इतिहासाविषयी महाजालावर शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याने तिन्ही प्रकारे शोध घेतला नाही, तर त्याच्या हातून साधने निसटण्याचा धोका राहतो. प्रस्तुत लेखकाने वर्गात हा प्रयोग करून दाखवला, तेव्हा विद्यार्थ्यांना आपल्याच प्रदेशाचे नाव तीन प्रकारचे निघाल्याची गंमत वाटली; त्यातील अडचण नंतर ध्यानात आली.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘ॲप’ लिहिण्यासाठी ‘अॅ’ अशी जोडणी करावी लागे आणि ती अनेक संचांवर तुटलेली दिसे. पाकळीचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ यांचीही हीच कथा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला आणि अक्षरवळणे निश्चित केली, परंतु मोबाइलमध्ये उत्पादकाने बसवलेला फाँट सहसा हिंदी वळणाचा असतो. काही फाँटांत मराठी वळणे दडवून ठेवलेली असतात, पण संकेतस्थळ तयार करणाऱ्याने पानाची भाषा ‘मराठी’ अशी जाहीर केली तरच ती प्रकट होतात. पुष्कळ मराठी पाने ही एका ओळीची घोषणा करत नाहीत. शासननिर्णय आहे, फाँट आहे, तरी वाचकासमोर ‘ल’ हिंदीच येतो.

मांडणीच्या इतर बाबींतही रोमन लिपीचे माप देवनागरीला जसेच्या तसे लावले जाते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. म्हणून दोन ओळींत अधिक अंतर लागते. ते न ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरांत मोकळी जागा सोडण्याची इंग्रजी रीत देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा समान करण्याचा हट्ट अरुंद पडद्यावर धरला की शब्दांमध्ये खिंडारे पडतात, कारण मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब आणि ओळीत जेमतेम चार-पाच. मुंबईतील एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ यासारखे फाँट पडद्याचा विचार करून रेखाटले गेले आणि विनामूल्य उपलब्ध झाले, ही समाधानाची बाब आहे. निर्णयसागरच्या परंपरेशी त्यांचे नाते जोडून पाहणारा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

वाचनाचा बदललेला व्यवहार

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. रुंद ओळीत वाक्य एका-दोन ओळींत संपते, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद एकाच नजरेत येतात. मोबाइलवर तेच वाक्य सहा-सात ओळींचे होते आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता पडद्याच्या वर निघून गेलेला असतो. विसाव्या शतकातील अग्रलेखांचे दीर्घ, गुंफलेले वाक्य पडद्यावर टिकत नाही याचे कारण केवळ वाचकाचा आळस नव्हे. परिच्छेद एका-दोन वाक्यांचे झाले, मध्ये मध्ये ठळक उपशीर्षके आली, पहिल्याच ओळीत सारे सांगण्याची घाई आली. यास ऱ्हास म्हणावे की रूपांतर, याविषयी मतभेद होतील. प्रस्तुत लेखकाचे मत असे की वाक्य लहान होण्याने फारसे बिघडत नाही. मजकुराचे नाव-गाव हरवते, तेथे बिघडते. बंदाच्या जोडावर शिक्का मारणारी परंपरा असलेल्या भाषेत आज लेखक, तिथी आणि स्थळ यांवाचून फिरणारा मजकूर सर्वाधिक वाचला जातो.

करोनाकाळात या बदलाची कसोटी लागली. मार्च २०२० अखेर अनेक ठिकाणी वृत्तपत्रांचे वितरण थांबले आणि १८ एप्रिलच्या आदेशाने छपाईला मुभा देऊनही घरोघरी वाटपास मनाई झाली. काही दिवसांतच तो आदेश शिथिल करावा लागला. त्या काळात आठ स्तंभी पूर्ण पानांच्या पीडीएफ प्रती व्हॉट्सॲपवरून गावोगावी पोहोचल्या. सहा इंची पडद्यावर वृत्तपत्राचे अख्खे पान! वाचक बोटांनी एकेक कोपरा मोठा करून, पान डावी-उजवीकडे ओढत बातमी वाचत होता. मोबाइलयोग्य संकेतस्थळे उपलब्ध असताना लोकांनी हा खटाटोप का केला? परिचयातील ज्येष्ठ वाचकांनी दिलेले उत्तर विचार करायला लावणारे होते. पानावर बातमी कोठे आहे यावरून ती केवढी आहे हे कळते; मोबाइलवर सगळ्या बातम्या सारख्याच मोठ्या. मांडणी ही अर्थाचा भाग असते, हे मुद्रणशास्त्राचे तत्त्व त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले होते.

धार्मिक वाचनाचा व्यवहार निराळ्या गतीने चालतो. शेगाव येथून जवळ असल्याने या भागात दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे पारायण घरोघरी होते. एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ मोबाइलवर सहज मिळतो. प्रवासात, दवाखान्यात, शेतावर एखादा अध्याय मोबाइलवर वाचणारे पुष्कळ आढळतात. घरी संकल्प सोडून पारायणाला बसताना मात्र छापील ग्रंथ पाटावर येतो. ज्या संचावर आत्ताच फोन येऊ शकतो, त्याच्यासमोर उदबत्ती लावणे लोकांना अवघड जाते. पोथीची जागा छापील ग्रंथाने घेतली तेव्हाही असाच संकोच झाला असणार.

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या काही वस्त्यांत निहाली ही अन्य कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध न झालेली भाषा बोलली जाते. तिला स्वतःची लिपी नाही. या भाषकांसाठी मोबाइल हे वाचनाचे साधन होण्याआधी ऐकण्या-बोलण्याचे साधन आहे, आणि महाजालाची अक्षरप्रधान मांडणी त्यांना काय देते हा प्रश्न या निबंधाच्या कक्षेबाहेरचा असला तरी विसरता येण्याजोगा नाही.

हरवलेली साधने

आता मूळ चिंतेकडे वळू. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून २००८-०९ पर्यंतच्या काळाचा इतिहास लिहावयाचा आहे अशी कल्पना करा. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवरील चर्चेचा, कापूस एकाधिकार खरेदी योजना संपुष्टात येण्याचा, बीटी कपाशीच्या आगमनाचा हा काळ. त्या वेळची मराठी संकेतस्थळे हे मोलाचे साधन ठरावे. पण मांडणी बदलताना जुनी पाने बहुधा नव्या संकेतपद्धतीत आणली गेली नाहीत. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात त्यांतील काही जपलेली आहेत. उघडल्यावर दिसतात ती रोमन चिन्हांची जाळी. मूळ फाँट मिळवून, जुन्या प्रणालीचा संगणक जुळवून किंवा परिवर्तकातून काढून ती वाचता येतात, परंतु प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा आणि जोडाक्षरांत चुका राहतातच. शासकीय दस्तऐवजांच्या जुन्या पीडीएफ प्रती तुलनेने बऱ्या, कारण फाँट त्यांच्या पोटात असतो. डोळ्यांना त्या बरोबर दिसतात, पण त्यातील शब्द शोधता येत नाही.

मोडीशी केलेली तुलना येथे अतिशयोक्त ठरू नये. स्वातंत्र्योत्तर काळात मोडी शालेय शिक्षणातून गेली आणि दोन-तीन पिढ्यांत घरातील कागद घरच्यांनाच वाचता येईनासे झाले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली आणि ते किती थोडे उरले आहेत हे सर्वांना दिसले. लिपी अवाच्य व्हायला तेथे पन्नास-साठ वर्षे लागली. फाँटमधील मराठीला पंधरा पुरली. मोडी शिकवणारे वर्ग तरी चालतात. ‘योगेश’ फाँट शिकवणारा वर्ग असू शकत नाही. महाविद्यालये आणि जिल्हा ग्रंथालये यांनी आपल्या परिसरातील जुन्या सीडी, वृत्तपत्र कार्यालयांतील फायली आणि वापरलेल्या फाँटच्या प्रती जमवण्यास आजच हात घातला पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या गावोगावच्या ग्रंथालयांना या कामात सामावून घेता येईल, असे वाटते.

सातबारा ते ई-पीक पाहणी

सोनाळा परिसरातील शेतकऱ्याच्या मोबाइलवर जो मजकूर सर्वांत बारकाईने वाचला जातो, तो साहित्याचा नव्हे, सातबाऱ्याचा. गाव नमुना सात आणि बारा यांचा हा उतारा मुळात आडव्या-उभ्या रकान्यांच्या कागदी नोंदवहीतून आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाजालावर मिळू लागला, तरी त्याचे अंतरंग कागदाचेच राहिले. वर सात, खाली बारा, रकान्यांत रकाने. मोबाइलवर तो उघडला की बोटाने मोठा करून, आपले नाव आणि क्षेत्र यांच्या चौकटीत नेऊन, मग पुन्हा लहान करून खात्री करावी लागते. तलाठ्याच्या टेबलासाठी आखलेले पान तळहातावर मावत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यात सुरू झालेले ई-पीक पाहणी हे ॲप याच्या नेमके उलट आहे. ते आरंभापासून मोबाइलसाठीच घडवलेले. येथे पान नाही. एका पडद्यावर एक-दोन प्रश्न, खाली उतरणारी यादी, मग पुढचा पडदा. गट क्रमांक निवडा, हंगाम निवडा, पिकाचा वर्ग निवडा, क्षेत्र भरा, शेतात उभे राहून छायाचित्र काढा. पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या हातची असलेली नमुना बारामधील नोंद आता शेतकऱ्याने स्वतः करावयाची. वाचणारा लिहिता झाला, हा बदल छपाईच्या आगमनाने घडलेल्या बदलाहून लहान मानता येणार नाही.

मांडणी नवी असली तरी तिच्यातील शब्द जुने आहेत. पिकाच्या वर्गाचा पडदा आला की ‘निर्भेळ’ आणि ‘मिश्र’ असे पर्याय दिसतात. ‘निर्भेळ’ हा महसुली दफ्तरातील शब्द. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना तो दुधाच्या संदर्भात ठाऊक असतो, पिकाच्या नव्हे. कपाशीच्या ओळींत ठरावीक अंतराने तुरीचे तास घेण्याची येथील पद्धत असल्याने तो पडदा टाळताही येत नाही. खरीप नोंदणीच्या दिवसांत बांधावर संच धरून मुलगी पर्याय मोठ्याने वाचते, वडील ‘निर्भेळ’ म्हणजे एकच पीक हे तिला समजावतात आणि कोणता पर्याय दाबायचा ते सांगतात. डोंगराच्या बाजूला नेटवर्क सापडत नसेल, तर नोंद संचात तशीच राहते आणि गावाकडे परतल्यावर ती पुढे जाते.